एक नाव पाठवायचं होतं

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं आहे की आजीने आयुष्यात कधी कोणाचा हेवा केला नाही. तिने ते प्रेमाने सांगितलं असणार, पण ते बरोबर नाही. मी एका बाईचा पुष्कळ वर्षं हेवा केला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. तुम्ही इतके लांब आहात की जेवता जेवता ही गोष्ट कधी निघायची नाही. म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

ठाण्याच्या ज्या बी.एड. कॉलेजात मी शैक्षणिक मानसशास्त्र शिकवत असे, तिथे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक नवी प्राध्यापिका आली. माझ्याहून वयाने बरीच लहान. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, घरातली पहिली पदवीधर. ती हसली की स्टाफरूमच्या बाहेरच्या जिन्यात कळायचं. अंगावर भारी साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात बांगड्या खूप. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणारी, पुस्तकांना कव्हरं घालणारी. पहिल्या दिवशी तिने माझ्या टेबलावरचा पेन्सिलींचा पेला पाहिला आणि म्हणाली, "ताई, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बाप रे." तिथून आमची मैत्री झाली.

आता विषय सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मूल एकटं शिकत नाही. ते भोवतीच्या माणसांकडून, त्यांच्या हत्यारांतून आणि भाषेतून, पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या रीतींतून शिकतं. आज जे ते मोठ्यांच्या मदतीने करतं, तेच उद्या स्वतः करतं. असं मानणारी शिक्षणसंशोधनाची एक शाखा आहे. आज तिचा बोलबाला आहे. त्या काळी आमच्याकडे तिचं नावही कोणी घेत नसे. मी घेत असे. त्या वेळी ठाण्यात अधूनमधून रशियन पुस्तकांची प्रदर्शनं भरत. गुळगुळीत कागद, पक्की बांधणी आणि किंमत अगदीच किरकोळ. तिथे मला या विचाराचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. ते मी इतक्या वेळा वाचलं की त्याचा कणा सुटला. त्याच विचारावर मी पीएच.डी. केली. डोंबिवली आणि कल्याणच्या शाळांत, पार आंबिवलीपर्यंत जाऊन, मी प्रश्नावल्या भरून घेतल्या. मुलाचा घरी अभ्यास कोण घेतं, किती वेळ घेतं, कोणत्या भाषेत समजावतं. मग त्याची कोष्टकं केली, सहसंबंध काढले. माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं की इतका नीटनेटका प्रबंध त्यांच्या हाताखालून गेला नव्हता.

ते पुस्तक मीच तिला वाचायला दिलं. तिचं इंग्रजी तेव्हा अडखळत होतं. कॉलेज सुटल्यावर आम्ही मागच्या वर्गात बसायचो आणि मी एकेक परिच्छेद मराठीत समजावून सांगायची. ती ऐकायची, मधेच खिडकीबाहेर बघायची. एके दिवशी म्हणाली, "ताई, हे तर आमच्या आईच्या ओट्यावर रोज चालतं."

मी कौतुकाने हसले. ती थट्टा करते आहे असं मला वाटलं. ती पुढच्या आठवड्यापासून खरंच मासळी बाजारात जाऊन बसू लागली. स्वतःच्या आईच्या ओट्याशेजारी. लहान मासळी तिथे वजनावर जात नाही, वाट्यावर जाते. टोपलीतली मांदेली, कोळंबी यांचे सारखे ढीग करून मांडायचे, म्हणजे वाटे लावायचे. कोळणीच्या शेजारी तिची सात-आठ वर्षांची मुलगी बसलेली असते. मुलगी वाटा लावते, आई काही न बोलता त्यातली दोन मांदेली उचलून दुसऱ्या वाट्यात टाकते. काही महिन्यांनी आईचा हात पुढे येईनासा होतो. आणि हीच मुलगी शाळेत भागाकारात नापास होते. माझ्या मैत्रिणीने एवढंच पाहिलं, पण वर्षानुवर्षं पाहिलं. त्याच मुली, तेच ओटे, तीच शाळा. तिने ते लिहिलं मराठीत. त्याचा इंग्रजी निबंध झाला तेव्हा त्यातलं एकेक वाक्य मी सरळ केलं. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं, त्यात माझं इंग्रजीही होतं, एवढंच.

तिच्या घरी मी एकदा जेवायला गेले होते. आमचं घर पिढ्यान् पिढ्या ठाण्यातलं, नोकरदारांचं, आणि मासे खाणारं. तिच्या आईने सुरमईची तुकडी तळून वाढली. तशी सुरमई मी आयुष्यात पुन्हा खाल्ली नाही. दुसरी तुकडी वाढायला ती माऊली आली, तेव्हा मी पानावर हात आडवा धरला आणि म्हटलं, नको नको, पोट भरलं. आपल्याकडे असं म्हणतात. मग वाढणारी आग्रह करते, आपण पुन्हा नको म्हणतो, ती वाढतेच, आणि आपण खातो. तुमच्या पणजीने तर तिसऱ्यांदा नको म्हटल्याशिवाय कधी जिलबी घेतली नसेल. त्या माऊलीने "बरं" म्हटलं आणि तुकडी नातवाच्या ताटात टाकली. मी घरी येऊन हे सांगितलं, तर तुमचे आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. त्यातून काही शिकायला हवं होतं हे मात्र तेव्हा कळलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला एका शिक्षण-संशोधन परिषदेने पुरस्कार जाहीर केला. मुलांच्या शिक्षणाचा समाज, परंपरा आणि इतिहास यांच्या संदर्भात अभ्यास करणाऱ्या संशोधकाला दर वर्षी एक. आमच्या क्षेत्रात अशा कामाची कोणी दखल घेत नसे. ते परिपत्रक सूचनाफलकावर लागलं तेव्हा मला वाटलं, हे माझ्यासाठीच काढलं आहे. खरंच तसं वाटलं. अट एकच होती. अर्ज स्वतः करायचा नाही, कॉलेजने एकच नाव पाठवायचं.

प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बोलावलं. चहा होता, टेंभी नाक्यावरून आणलेले गरम बटाटेवडे होते. त्यांनी विचारलं की कोणाचं नाव पाठवायचं, आणि विचारताना माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. सर्वांत वरिष्ठ मी. या विषयातली पीएच.डी. माझी. ते विचारणं केवळ रीत म्हणून होतं.

आणि रीत म्हणूनच मी बोलले. स्वतःचं नाव स्वतः कसं घेणार? मी म्हटलं, "सर, खरं म्हणजे हिचं नाव जायला हवं. हिचं काम नवीन आहे."

यानंतर काय व्हायचं हे मला ठाऊक होतं. तिने म्हणायचं, छे छे, ताई असताना माझं कसं. सरांनी म्हणायचं, मॅडमचा मोठेपणा बघा. मग मी आणखी एकदा नको म्हणायचं आणि शेवटी सगळ्यांच्या आग्रहाखातर माझं नाव जायचं.

ती वडा खात होती. तो गिळून तिने बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाली, "चालेल, सर. माझं पाठवा."

इतिहासाचे एक सर पंख्याकडे बघू लागले. प्राचार्य माझ्याकडे बघत राहिले, मी काही बोलेन म्हणून. मी हसले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, थँक्यू हां." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मला खरं मानलं होतं.

घरी आल्यावर मी भांडी आदळली असावीत, कारण तुमचे आजोबा वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "पण नाव तूच सुचवलंस ना?"

मी म्हटलं, हो.

"मग तिचं काय चुकलं?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हटलं. त्यांना चांगलं कळलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते ताटावर बसले की मी वाढायला येताच म्हणायचे, "हो, वाढ. मला हवंय. नंतर तंटा नको."

पुरस्कार तिला मिळाला. परिषदेचा समारंभ परगावी झाला, तिथे मी गेले नाही. घशाचं निमित्त सांगितलं. पण कॉलेजने केलेला सत्कार टाळता येण्यासारखा नव्हता, कारण त्या सत्काराचं मानपत्र मलाच लिहायचं होतं. प्राचार्य म्हणाले की मॅडम, तुमच्यासारखं मराठी आमच्यात कोणाचं नाही. त्यांचा हेतू चांगला असावा. एवढ्या दिवसांत त्यांनी मला कधी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते या कामासाठी.

मानपत्र म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. सत्कार असला की त्या माणसाचे गुण चांगल्या भाषेत लिहून, जाड कागदावर वळणदार अक्षरांत छापून, चौकटीत बसवून देतात. व्यासपीठावर कोणीतरी ते मोठ्याने वाचतं, मग शाल, मग श्रीफळ. लिहिणाऱ्यांमध्ये एक न बोललेला हिशेब असतो. ज्याच्याकडे खरी बुद्धी आहे त्याला "नवी दृष्टी" देतात. बाकीच्यांना "अथक परिश्रम". जाणकाराला वाचल्याबरोबर कळतं की माणूस कुठल्या रांगेतला. मी दोन दुपारी बसले. "नवी दृष्टी" लिहून पाहिलं, बरोबर बसत होतं. खोडलं. "आपण अथक परिश्रमांनी हे संशोधन सिद्धीस नेलेत" असं लिहिलं आणि छापायला दिलं.

सत्काराला अर्धा कोळीवाडा आला होता. पहिल्या रांगेत तिची आई, अंगभर सोनं, डोक्यात फुलं, मांडीवर रुमालाची घडी. मानपत्र मीच वाचलं. पुस्तकी वाक्यांना समोर शांतता होती. "अथक परिश्रम" आलं आणि मागून टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. एक बाई उठून उभी राहिली आणि शेजारणीला सांगू लागली की बघ, आपली पोर किती राबली ते या मॅडमनी बरोबर लिहिलं. त्यांच्या लेखी राबण्याहून मोठा शब्द नव्हता. माझा टोला माझ्या मैत्रिणीला फुलासारखा लागला. कार्यक्रम संपल्यावर तिची आई माझ्या हाताला धरून बराच वेळ काहीतरी बोलत होती. गर्दीत मला अर्धंच ऐकू आलं. ते मानपत्र तिने घरातल्या देवांच्या फळीशेजारी लावलं. मी गेले की मला तिथेच बसवायचे. चहा पिताना समोर माझंच वाक्य.

त्यानंतरची वर्षं मी फार लिहीत नाही. हेवा ही काही घटना नसते, ती रोजची गोष्ट होते. तिला बढती मिळाली, मी अभिनंदन केलं. तिचं पुस्तक निघालं, मला पहिली प्रत दिली, मी तिला कव्हर घालून कपाटात ठेवली. वाचली नाही. आतलं मला माहीत आहे, अशी माझी समजूत होती. ती परदेशी परिषदेला जाऊन आली, तिथल्या लोकांना वाटे समजावताना हॉटेलातल्या शेंगदाण्यांचे ढीग कसे लावले ते तिने साभिनय करून दाखवलं. सगळी स्टाफरूम हसून लोळली. मीही हसले, कारण ते खरोखर विनोदी होतं. त्या रात्रीचं जेवण मात्र मला गेलं नाही. विद्यार्थिनी तिला घेरून उभ्या असायच्या. माझ्याकडे यायच्या त्या हजेरीच्या सहीसाठी. आणि या सगळ्यांत मला एक आधार होता. मी मनाशी म्हणायची, पुरस्कार माझाच होता. मी सभ्यपणाने बोलले आणि तो गेला. एक वाक्य वेगळं बोलले असते तर ती शाल माझ्या खांद्यावर असती. हा विचार कडू होता पण त्याची मला सवय झाली होती, काही लोकांना कारल्याची होते तशी.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, माझ्या निवृत्तीला थोडाच अवधी होता तेव्हा, ती एका रविवारी आमच्या डोंबिवलीच्या नव्या घरी आली. आता ती त्या परिषदेच्या निवड समितीवर होती. समितीच्या सदस्यालाही एक नाव सुचवता येत असे. पंख्याखाली बसून घाम पुसता पुसता तिने सरळ विचारलं, "ताई, या वर्षी तुमचं नाव पाठवू का?"

"छे गं, आता कशाला" हे शब्द माझ्या ओठांवर तयारच होते. आयुष्यभर ते तयारच असायचे. पलीकडच्या खुर्चीत तुमचे आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. ते पान उलटायचे थांबले.

मी म्हटलं, "हो. पाठव."

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. ती एकदम खूश झाली. म्हणाली, "बरं झालं बोललात. मला इतकी वर्षं वाटायचं की तुम्हाला असलं काही नकोच असतं. तेव्हा पण तुम्ही लगेच माझं नाव घेतलेलं."

ती गेल्यावर आजोबा म्हणाले, "जमलं की." एवढंच. पण त्या रात्री त्यांनी बाजारातून माझ्यासाठी गुलाबजाम आणले.

पुढचे दोन महिने मी काय काय मनात रचलं ते सांगत नाही. साडी ठरवली होती हे सांगते. भाषणात तिचं नाव कुठे घ्यायचं, सुरुवातीला की शेवटी, यावरही मी बराच विचार केला होता. शेवटी घ्यायचं ठरलं होतं.

निकाल सांगायला ती स्वतः आली. फोन करता आला असता, पण आली. पुरस्कार विदर्भातल्या एका तरुण शिक्षकाला मिळाला होता. मी म्हटलं, अगं त्यात काय, चालायचंच, आणि चहा टाकायला उठले. ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

मी विचारलं, "माझ्या कामावर काही बोलणं झालं का?"

"झालं ना. बराच वेळ झालं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आकडे पक्के आहेत, पण मुलं कुठे दिसत नाहीत. प्रश्नावलीतून जेवढं आलं तेवढंच आहे."

दूध वर येत होतं. मी गॅस बारीक केला. "आणि तू काय म्हणालीस?"

ती म्हणाली, "मी पण तेच म्हटलं, ताई. नाव मी पाठवलं, कारण तुम्ही नसता तर मी या विषयात आलेच नसते. ते मी तिथे सांगितलं. पण कामाबद्दल विचारलं त्यांनी. तिथे खोटं कसं बोलू?"

मी चहा गाळला. तिने तो उभ्याउभ्या प्यायला, मुलीच्या दहावीबद्दल बोलली, शीळफाट्याजवळ त्यांच्या नव्या घराचं काम कसं रखडलंय ते सांगितलं. जाताना माझ्या पाया पडली. कधी पडत नसे.

ती गेल्यावर मी कपाटातून तिचं पुस्तक काढलं. मी घातलेलं कव्हर अजून कोरं होतं. हातात लाल पेन घेतलं, ही मास्तरणीची सवय. बाल्कनीत बसून चार-पाच दुपारी मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चुका सापडल्या, त्यांवर मी खुणा करून ठेवल्या. तळटीपा ढिसाळ होत्या. एका ठिकाणी तीच गोष्ट दोनदा आली होती. पण त्या पुस्तकात मुली होत्या. एक होती ती मोठा वाटा नेहमी आपल्या बाजूला ठेवायची आणि आई तो गुपचूप फिरवायची. एक होती ती गिऱ्हाईक गेल्यावर वाटे मोडून पुन्हा लावायची, नुसती हौस म्हणून. त्यांचे हात दिसत होते. मी शेकडो मुलांना भेटले होते, त्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवेना. रकाने आठवत होते.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी गप्प बसले असते, किंवा उघड उघड माझं नाव घ्या म्हटलं असतं, तरी पुरस्कार तिचाच होता. माझा आधार गेला. हेवा मात्र तिथेच राहिला, उलट वाढला. आधी मला तिच्या शालीचा हेवा वाटायचा. आता तिच्या पानांचा वाटू लागला, आणि त्यावर काही इलाज नव्हता.

मी तिला फोन केला. म्हटलं, "तुझं पुस्तक आज वाचून संपवलं. चांगलं आहे." दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, अहो ताई, सगळं तुमच्यामुळे. मी तेवढी जागा ठेवून थांबले होते.

"हो, चांगलंच झालंय," ती म्हणाली. "पण तळटीपांचा घोळ आहे ना? दुसरी आवृत्ती निघतेय. बघून द्याल?"

मी म्हटलं, देते.